टेकडीलगतच्या सोसायटीची वणव्यासाठी तयारी: भिंतीमागच्या दहा मीटरांपासून सुरुवात

३ डिसेंबर २०१८च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला, आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या डोंगरावर वणवा लागला. खाली उंच इमारती, वर पेटलेला उतार, आणि पाण्याचे बंब त्या चढावर नेता येईनात. यातली तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. वणवा म्हटलं की आपल्याला एप्रिल-मे आठवतात. पण टेकडीवरचं कुसळी गवत ऑक्टोबरअखेर पिवळं पडू लागतं आणि डिसेंबरात एका काडीने पेटण्याइतकं सुकलेलं असतं. फेब्रुवारीत त्यावर पानगळीचा थर बसतो. म्हणजे तयारीची वेळ नोव्हेंबर. होळीनंतर कमिटीची मीटिंग बोलावून काही उपयोग नाही.

हा लेख पुण्यातल्या वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण, कात्रज, मुंबई-ठाण्यातल्या आरे, येऊर, नवी मुंबईतल्या खारघर अशा भागांतल्या सोसायट्यांसाठी आहे. डोंगरावर काय होईल ते सोसायटीच्या हातात फारसं नसतं. मागच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंचे दहा मीटर मात्र बऱ्याच अंशी असतात, आणि नुकसान होणार की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

आग इमारतीपर्यंत येते कशी

नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज हे गाव वणव्यात जवळजवळ पूर्ण जळालं, ८५ माणसं गेली. तिथली घरं लाकडी सांगाड्याची असतात. ज्वाला पोहोचायच्या आधीच वाऱ्यावर उडत आलेले निखारे छपराच्या पन्हळीत, जाळीच्या झरोक्यात, डेकखालच्या पाचोळ्यात पडतात आणि घर आतून पेटतं. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना घराभोवतीची पहिली पाच फूट जागा पूर्ण मोकळी ठेवायला सांगतात ते यासाठीच.

आपल्याकडे भिंती विटा-काँक्रीटच्या. त्या पेटत नाहीत, आणि म्हणूनच माणसं निर्धास्त राहतात. गवताचा जाळ एका जागी मिनिटभरसुद्धा टिकत नाही, पुढे सरकतो. तेवढ्या वेळात भिंतीला काही होत नाही. पण जाता जाता तो ज्या वस्तूंना पेटवून जातो त्या अर्धा-अर्धा तास जळत राहतात: जुना टायर, प्लायवूडचं कपाट, फ्लेक्स, दुचाकीवरचं कव्हर, थर्माकोल, हिरवी शेडनेट. खिडकीची काच तडकते ती या आगीने, आणि पडद्यापर्यंत जाते तीही हीच. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारा: गवत पेटून गेल्यावर मागे काय जळत राहील?

उताराचा हिशोब सोपा आहे. चढ साधारण दहा अंशांनी वाढला की वर जाणाऱ्या आगीचा वेग अंदाजे दुप्पट होतो, कारण ज्वाला वरच्या गवताकडे झुकून ते आधीच तापवून ठेवते. म्हणून माथ्यावरची सोसायटी पायथ्याच्या सोसायटीपेक्षा जास्त धोक्यात असते. पायथ्याशी वेगळा त्रास असतो: पेटलेले ओंडके आणि सुकी शेणं गडगडत खाली येतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे डोंगरातली घळ जिथे थेट भिंतीला येऊन मिळते ती. घळीत वारा कोंडून वर चढतो आणि तिच्यातून आग धुराड्यासारखी वर ओढली जाते.

नोव्हेंबर: पाहणी

एका रविवारी सकाळी चेअरमन किंवा सेक्रेटरी, माळी, वॉचमन आणि अग्निशमन यंत्रणेची देखभाल करणारा माणूस अशा चौघांनी मागच्या भिंतीवरून पूर्ण फेरी मारा. बिल्डरने दिलेल्या नकाशाची झेरॉक्स हातात असू द्या. त्यावर खुणा करा: गवत भिंतीला कुठे टेकतं, फांद्या कुठे आत आल्या आहेत, घळ कुठे मिळते, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, डिझेलचे कॅन, पाइप गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह, तळमजल्यावरचे सिलिंडर, सर्वांत जवळचा हायड्रंट (आग विझवायचा होज जोडायचा नळ). फोनमधल्या कोनमापकाने उतार मोजा. पंधरा-वीस अंशांच्या वर असेल तिथे साफ पट्टा रुंद हवा.

या फेरीत जवळजवळ प्रत्येक सोसायटीत एक कोपरा सापडतो. मीटर रूमच्या मागे पत्र्याची शेड, तिच्यात गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि कापड, रंगाचे अर्धे डबे, कुणाची तरी गादी, आणि शेडच्या पत्र्यावर गुडघाभर पाचोळा. भिंतीपलीकडे गवत, अलीकडे ही शेड, आणि शेडच्या वर पहिल्या मजल्याची बाल्कनी. वणव्याला वर चढायला एवढी शिडी पुरते. हा कोपरा आधी रिकामा करा, बाकीचं नंतर.

भिंतीपलीकडची जमीन कोणाची ते सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून नक्की करा. वन विभागाची असेल तर परवानगीशिवाय पलीकडे काहीही तोडायचं नाही. नोव्हेंबरातच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र द्या, सोबत नकाशा आणि फोटो जोडा, आणि भिंतीलगत जाळरेषा काढण्याची विनंती करा. जाळरेषा म्हणजे गवत काढून किंवा वन कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. त्यांची हंगामी माणसं आणि निधी बहुतेक ठिकाणी लवकर वाटून जातो, म्हणून पत्र जानेवारीत गेलं तर उशीर झालेला असतो. जमीन महापालिकेची असेल तर उद्यान विभागाला, खाजगी असेल तर मालकाला लेखी कळवा. पोच घ्या.

डिसेंबर: पट्टा साफ करणं

भिंतीला लागून दीड मीटर: इथे काहीच जळणारं नको. गवत मुळाशी खरवडा आणि दहा सेंटीमीटर जाडीचा खडीचा थर द्या. नुसती उघडी माती ठेवली तर पावसाळ्यात ती वाहून जाते आणि राखणभिंतीतली पाणी निघायची भोकं बुजतात. खडी टाकताना ती भोकं झाकली जात नाहीत ना, ते बघा.

तिथून दहा मीटरपर्यंत: गवत दहा सेंटीमीटरपेक्षा उंच नको. झाडांच्या फांद्या जमिनीपासून दोन मीटरपर्यंत काढा. झाड लहान असेल तर उंचीच्या खालच्या एक तृतीयांशापुरत्याच. उद्देश एवढाच की गवताचा जाळ शेंड्यापर्यंत चढू नये. झुडपं झाडाच्या बुंध्याखाली नकोत. शहरी हद्दीत फांद्या छाटायलासुद्धा १९७५च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो अर्ज पाहणीच्या आठवड्यातच टाका.

दहा ते तीस मीटर, जिथे परवानगी मिळेल तिथे: घाणेरी आणि रानमोडी काढा, पडलेलं लाकूड उचला. मोठ्या झाडांना हात लावू नका. सावलीतलं गवत उशिरा सुकतं, आणि चांगली वाढलेली देशी झाडी वाऱ्याचा जोरही मोडते. डोंगर बोडका करणं म्हणजे पुढच्या वर्षी दुप्पट गवत उगवायला जागा करून देणं.

या कामात चुका कुठे होतात?

पहिली, कापलेलं गवत तिथेच टाकून देणं. उभ्या गवतापेक्षा आडवं पडलेलं कोरडं गवत विझवायला अवघड, कारण ते आतून धुमसतं. कापलं त्याच दिवशी उचला, ट्रॉलीचं भाडं मजुरीतच धरा.

दुसरी, भर दुपारी ब्रश कटर चालवणं. धातूचं पातं दगडावर घासलं की ठिणगी उडते, आणि आपल्या टेकड्यांवर दगडाला तोटा नाही. सकाळी दहाच्या आत काम संपवा. दगडाळ जागी पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावा किंवा सरळ विळ्याने कापा. पेट्रोल भरताना मशीन बंद करून थंड होऊ द्या, तेही खडीवर किंवा सिमेंटवर, गवतात नाही. जवळ पाण्याने भरलेला पाठीवरचा फवारणी पंप हवाच.

तिसरी, एकदा कापून निश्चिंत होणं. फेब्रुवारीत गिरिपुष्पाची, सागाची पानं गळतात आणि डिसेंबरात साफ केलेला पट्टा महिन्याभरात पुन्हा झाकला जातो. फेब्रुवारीच्या मध्यापासून दर पंधरा दिवसांनी पाचोळा झाडायचा, हे माळ्याच्या कामाच्या यादीत लिहूनच ठेवा.

चौथी सर्वांत गंभीर: तोच पाचोळा भिंतीजवळ पेटवणं. आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात, आणि शहराच्या कडेला त्यातले कितीतरी खालून, वस्तीच्या बाजूने वर जातात. झाडलोट करणाऱ्याला कुणी वेगळं सांगितलेलं नसतं, म्हणून तो काडी लावतो. त्याला दोष देण्याआधी त्याला पाचोळा टाकायची जागा द्या: भिंतीपासून दहा मीटर आत, विटांचा हौद, दर आठवड्याला ओल. कोरडा राहिलेला खताचा ढीगही आतून धुमसू शकतो. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६च्या आदेशात साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपयांची भरपाई ठरवली आहे. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६खाली गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या कलम ३०खाली.

कुंपणालगतच्या झाडांबद्दल थोडं. बांबू, मोरपंखी आणि वाळक्या झावळ्या लोंबणारे पाम भिंतीजवळ ठेवू नका. बोगनवेल हिरवी असते तोवर ठीक, पण आतल्या बाजूला काटक्यांचा गुंता साठतो. लावायचंच तर कोरफडीसारखी रसाळ झाडं लावा, आणि त्यांची बुडाची वाळकी पानं काढत राहा.

इमारतीची मागची बाजू

डोंगराकडच्या प्रत्येक फ्लॅटला एक पानी सूचना द्या. बाल्कनीत पुठ्ठे, थर्माकोल, वर्तमानपत्रांची रद्दी नको. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी निखाऱ्याने वितळते आणि पेटते थेंब खालच्या मजल्यावर पडतात; खालच्या चार-पाच मजल्यांवर तरी बारीक तारेची जाळी लावावी. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे कबुतरांची घरटी आणि काड्या साठतात, डिसेंबरच्या सर्व्हिसिंगमध्ये त्या काढून घ्या. डक्टमध्येही तेच. गच्चीवरचं जुनं सामान, पावसाळी पन्हळीतला पाचोळा, फायबरच्या पत्र्याखाली रचलेली लाकडं उचला.

ट्रान्सफॉर्मर आणि फीडर पिलर (वीज वाटपाची लोखंडी पेटी) यांच्याभोवती तीन मीटर गवत नको. तिथे स्वतः कोयता चालवू नका, वीज कंपनीकडे अर्ज करा. झाडांना घासणाऱ्या किंवा लोंबणाऱ्या तारा असतील तर त्याच अर्जात लिहा. दुपारच्या वाऱ्यात दोन तारा एकमेकींना लागल्या की ठिणग्या थेट गवतात पडतात.

पार्किंग मागच्या भिंतीला असेल तर पहिली रांग उन्हाळाभर रिकामी ठेवता आली तर उत्तम. नाही जमलं तर निदान दुचाकींची कव्हरं तिथे बंद करा आणि जमिनीवरचं सुकं गवत काढा, गरम सायलेन्सरखाली तेही पेटतं.

पाणी

या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. एप्रिल-मे आला की नळाचं पाणी कमी होतं, टँकर सुरू होतात, आणि कुणीतरी अग्निशमन टाकीतलं पाणी घरगुती वापराकडे वळवतं. नेमक्या वणव्याच्या महिन्यात टाकी रिकामी असते. पंप सुरू होतो, कोरडा फिरतो, सील जळतं आणि पाणी येत नाही. यावर उपाय रचनेत आहे: येणारं पाणी, टँकरचंसुद्धा, आधी अग्निशमन टाकीत पडावं आणि ती भरून ओसंडलेलंच घरगुती टाकीत जावं. टाकी एकच असेल तर घरगुती पंपाचा ओढणारा पाइप वरच्या पातळीवर घ्या, म्हणजे खालचं पाणी राखीव राहतं. तोपर्यंत वॉचमनने रोज सकाळी पातळी बघून वहीत लिहावी.

महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून ती चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यावं लागतं. जानेवारीची तपासणी कागदावर उरकू देऊ नका. त्या दिवशी मागच्या भिंतीजवळचा हायड्रंट प्रत्यक्ष उघडायला लावा. होजची एक लांबी १५ मीटर असते. दोन जोडून भिंतीच्या दोन्ही टोकांपर्यंत पोहोचते का, ते बघा. झडपेची चावी, नोझल, होज पेटीत आहेत का? नोझल चोरीला गेलेलं आढळणं अगदी नेहमीचं आहे. ६३ मिलिमीटरचा होज पूर्ण दाबात एकट्याला आवरत नाही. रहिवाशांनी बारीक रबरी होज-रीलच वापरावी, मोठा होज शिकलेल्या दोघांनी धरावा.

याशिवाय शेतीचे १६ लिटरचे पाठीवरचे फवारणी पंप दोन घ्या. गवताच्या कडेच्या छोट्या आगीला यासारखं साधन नाही. कायम भरलेले, नोझल धारेवर ठेवलेलं, महिन्यातून एकदा चालवून पाहिलेले हवेत, कारण न वापरता वॉशर सुकतात. तणनाशकाचा पंप यासाठी घेऊ नका. जोडीला लांब दांड्याला रबरी पट्टा लावलेले चार झोडपे, दोन फावडी, दोन टॉर्च. सगळं मागच्या गेटजवळ, कुलूप नसलेल्या पेटीत.

होळी, ३१ डिसेंबर, आणि इतर दिवस

होळी मागच्या भिंतीपासून किमान तीस मीटर लांब, मोकळ्या फरशीवर, लहान. फुंकून उडतील असे पुठ्ठे आणि पाचोळा तिच्यात घालू नका. शेजारी वाळूच्या बादल्या आणि भरलेला पंप, आणि रात्री झोपण्याआधी पाणी ओतून राख ढवळून पूर्ण विझवायची. उडते आकाशकंदील कुठल्याच सणाला नकोत. ३१ डिसेंबरला टेकडीवर पार्ट्या होतात, त्या रात्री मागच्या बाजूला एक जास्तीचा वॉचमन ठेवा.

धूर दिसला की

आधी फोन. अग्निशमन दल १०१, वन विभाग १९२६, नाहीतर ११२. जमीन कोणाची याचा विचार न करता दोन्हीकडे करा. सांगायचं असं: सोसायटीचं नाव आणि जवळची खूण, डोंगराची कुठली बाजू, आग वर सरकते आहे की आडवी, वारा कुठून, बंब कुठल्या गेटने आत येईल. हा मजकूर आधीच लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवा. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवलं तर उपग्रहाने टिपलेल्या आगीचा एसएमएस मिळतो. तो जरूर घ्या, पण त्यावर विसंबू नका. हे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात आणि लहान आग त्यांच्या नजरेतून सुटते. गच्चीवरचा माणूस आधी बघतो.

गेट उघडा, सहा मीटरची वाट मोकळी करा, एक माणूस रस्त्यावर उभा करा. पाइप गॅसचा त्या बाजूचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार हे आधीच ठरलेलं असावं.

रहिवाशांनी आग विझवायला जायचं का? ज्वाला गुडघ्याच्या खाली असेल, पाठीमागे जायला मोकळी वाट असेल आणि किमान चौघं असाल, तरच. त्याहून मोठी असेल तर भिंतीच्या आत राहून पडणारे निखारे विझवा. तेच जास्त उपयोगाचं काम आहे. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायात चामड्याचे बूट हवेत. पॉलिएस्टरची ट्रॅकपँट वितळून कातडीला चिकटते. आगीच्या वर, चढावर कधीही उभं राहू नका. जळून काळ्या झालेल्या भागातून या आणि बाजूने, मागच्या टोकाकडून सुरुवात करा. झोडपा खांद्याच्या वर उचलून आपटला तर वारा घालून निखारे पुढे उडवतो. तो खाली दाबून काळ्या भागाकडे ओढायचा, जाळाची हवा कोंडायची, मग पुढचं पाऊल.

मुलं, वयस्क, दम्याचे रुग्ण यांना डोंगराच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत न्या. खिडक्या बंद, एक्झॉस्ट बंद, आणि कूलर आधी बंद, कारण तो बाहेरचा धूर ओढून घरात भरतो. स्प्लिट एसी चालू ठेवायला हरकत नाही, तो घरातलीच हवा फिरवतो. एन-९५ मास्क कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, त्यामुळे मास्क लावून धुरात फिरू नका. इमारत सोडायची वेळ आधीच एखाद्या खुणेशी बांधा: आग अमुक पाण्याच्या टाकीच्या किंवा मनोऱ्याच्या अलीकडे आली की त्या विंगने जिन्याने खाली यायचं, पुढच्या गेटबाहेर जमायचं. ऐनवेळी चर्चा करायला वेळ नसतो. साप, मुंगूस, ससे भिंतीवरून आत येतील. त्यांना मारू नका, वाट द्या, १९२६वर कळवा.

विझल्यावर

जाळ गेला म्हणजे आग गेली असं नाही. बुंधे, मुळं आणि वाळलेलं शेण दोन-दोन दिवस धुमसतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेट घेतं. अंधार पडल्यावर भिंतीवरून बघा, लाल ठिपके तेव्हाच दिसतात. संशयित जागेवर तळहाताची मागची बाजू न टेकवता जवळ धरा. गरम लागली तर पाणी ओता, फावड्याने उकरा, पुन्हा पाणी ओता. नुसतं वरून शिंपडलं तर आतला निखारा तसाच राहतो. पुढचे तीन दिवस दुपारी आणि रात्री एक-एक फेरी हवी.

वन विभागाचा पंचनामा होईपर्यंत आग जिथून सुरू झाली ती जागा तुडवू नका, फोटो काढून ठेवा. जळालेल्या उतारावर लगेच खड्डे खणून रोपं लावायची घाई करू नका. गवताची मुळं जिवंत असतात, पहिल्या पावसात ती फुटून माती धरतात, आणि खणलेली माती मात्र वाहते. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी भिंतीमागची गटारं, राखणभिंतीतली भोकं आणि घळीच्या तोंडाची जाळी राख-कोळसा काढून मोकळी करा. जळालेल्या उतारावरून पहिल्या जोरदार पावसात नेहमीपेक्षा जास्त पाणी आणि गाळ खाली येतो, आणि भोकं बुजलेली असली तर त्याचा दाब सरळ भिंतीवर पडतो.